परिघ, व्यास आणि एक गाळलेला शब्द

आमच्या शाळेंतील वरच्या इयत्तांमधील कोणत्याहि विद्यार्थ्यास अकस्मात् उभें करून ‘पाय म्हणजे किती?’ असें विचारलें, तर तो क्षणाचाहि विलंब न लावतां ‘बावीस सप्तमांश’ असें उत्तर देईल. लहान मुलें ज्या स्वरांत ‘बे दुणे चार’ म्हणतात, त्याच स्वरांत तो हें उत्तर देतो. आणि त्यांत कांहीं चुकलें असेल अशी शंकाहि त्याच्या मुद्रेवर उमटत नाहीं. त्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्या वयाचे असतां आम्हींहि हेंच उत्तर दिलें आहे, व त्याबद्दल शाबासकीहि मिळविली आहे. परंतु हें उत्तर खरें नाहीं. आणि तें खरें नाहीं ही गोष्ट शिकविणारांस ठाऊक असूनहि मुलांस स्पष्टपणें सांगितली जात नाहीं, अशी आमची तक्रार आहे.

या विषयावर लेखणी उचलण्याचें निमित्त एक वही झाली. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं वर्गांतील मुलांस घरच्या वर्तुळाकार वस्तु मोजून आणावयास सांगितल्या होत्या. ताट, तांब्याचें तोंड, बांगडी, पिठाच्या डब्याचें झांकण, सायकलीचें चाक, जें हातीं लागेल तें. वस्तूभोंवतीं दोरा गुंडाळून परिघ मोजावा, पट्टीनें व्यास मोजावा, आणि पहिल्यास दुसऱ्यानें भागून काय येतें तें वहींत लिहावें, एवढेंच काम होतें. बहुतेकांचे आंकडे असावेत तसेच ओबडधोबड होते. कोणाचें ३.०८ आलें, कोणाचें ३.२, आणि बांगडी मोजणाऱ्या एकाचें तर ३.४ आलें, कारण त्यानें परिघ बाहेरून मोजला होता व व्यास आंतून. एका वहींत मात्र दहाहि वस्तूंपुढें ३.१४ हा एकच आंकडा सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. त्या मुलास जवळ बोलावून आम्हीं विचारलें, तेव्हां तो निःसंकोचपणें म्हणाला, ‘सर, आधीं माझें ३.०७ येत होतें. तें चुकलेलें दिसलें, म्हणून मीं व्यासास ३.१४ नें गुणून परिघ लिहिला.’

हा मुलगा लबाड नाहीं. वर्गांतील सरळ मुलांपैकीं तो एक आहे. त्याच्या समजुतीप्रमाणें त्यानें चूक दुरुस्त केली होती. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि पुस्तकांत छापलेलें यांचा मेळ बसेना, तेव्हां डोळ्यांचें म्हणणें त्यानें खोडून टाकिलें, इतकेंच. आम्हांस अधिक वाईट वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. ज्यांचे आंकडे खरे, म्हणून ओबडधोबड होते, तीं मुलें वही पुढें करितांना ओशाळलीं होतीं, आणि ज्यानें दोरा बाजूस ठेवून गुणाकार केला होता तो निर्धास्त होता. हें उलटें कसें झालें याचा विचार करूं लागलों, तों त्याचें मूळ पाठ्यपुस्तकांतील एका बरोबरीच्या चिन्हापाशीं आहे असें आम्हांस आढळून आलें.

मुळांत ‘पाय’ ही संख्या नव्हे तर एक गुणोत्तर म्हणून मुलांपुढें यावयास पाहिजे. वर्तुळ लहान असो वा मोठें, त्याचा परिघ त्याच्या व्यासाच्या कितीपट आहे हें पाहिलें तर ती पट नेहमीं एकच असते. सर्व चौरस जसे एकमेकांशीं सरूप, तशींच सर्व वर्तुळें सरूप; व्यास दुप्पट केला कीं परिघ दुप्पट होतो. या पटीस ‘पाय’ हें ग्रीक अक्षर लावण्याची वहिवाट १७०६ सालीं विल्यम जोन्स या वेल्श गणितज्ञानें पाडली, व पुढें ऑयलर यानें ती सर्वत्र रूढ केली. परिघ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचें तें आद्याक्षर. मराठी मुलास हें नांव ऐकून प्रथम हंसूं येतें, आणि त्यास मनसोक्त हंसूं द्यावें. परंतु हंसून झाल्यावर तें नांव कोणत्या गोष्टीचें आहे, हेंहि त्याच्या ध्यानांत राहावें.

ही पट तीन आणि चार यांच्या मध्यें आहे, हें समजण्यास कोणतेंहि पाठांतर लागत नाहीं. कंपास हातीं आल्यावर प्रत्येक मूल वर्तुळ काढून, तेंच अंतर कायम ठेवून, परिघावर सहा खुणा करितें व सहा पाकळ्यांचें फूल काढितें. त्या सहा खुणा सरळ रेघांनीं जोडल्या म्हणजे षट्कोन होतो. त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, म्हणून सहा बाजू मिळून तीन व्यासांएवढ्या. परंतु एका खुणेपासून दुसरीपर्यंत परिघावरून जाणारा मार्ग सरळ रेघेहून लांब असतो. अर्थात् परिघ तीन व्यासांहून अधिक आहे. आतां त्याच वर्तुळास बाहेरून चिकटणारा चौरस काढा. त्याची प्रत्येक बाजू एका व्यासाएवढी, म्हणजे एकंदर चार व्यास. आणि वर्तुळ त्याच्या पोटांत मावलेलें. झालें. इतक्या सोप्या युक्तीनें जें समजतें, तें न सांगतां आम्ही मुलांच्या हातांवर बावीस सप्तमांशाची पुडी ठेवतों, याचें नवल वाटतें.

सिराक्यूज येथील आर्किमिडीझ यानें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत हीच युक्ति पुढें चालविली. षट्कोनाच्या बाजू दुप्पट करीत त्यानें बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस व शेवटीं शहाण्णव बाजूंच्या आकृति घेतल्या, एक वर्तुळाच्या आंत व एक बाहेर. दशांश पद्धति नाहीं, शून्य नाहीं, वर्गमुळें काढावयाचीं तीं अपूर्णांकांत. अशा साधनांनिशीं त्यानें सिद्ध केलें कीं परिघ हा व्यासाच्या तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश पटीहून अधिक, आणि तीन पूर्णांक एक सप्तमांश पटीहून कमी असतो. तीन पूर्णांक एक सप्तमांश म्हणजेच आमचें बावीस सप्तमांश. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या पुरुषाच्या नांवाशीं ही संख्या जोडली जाते, त्यानें पाय बावीस सप्तमांशाबरोबर आहे असें कोठेंच म्हटलेलें नाहीं. त्यानें ‘याहून कमी’ असें म्हटलें आहे. बावीस सप्तमांश हें त्याच्या हिशेबांत घर नव्हतें, घराचें कुंपण होतें.

आपल्या इकडे काय झालें तें पाहिलें तर ही गोष्ट अधिकच मनास लागते. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६ हें गुणोत्तर. परंतु तें सांगतांना ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, हें विशेषण जोडण्यास तो विसरला नाहीं. साडेसहाशें वर्षांनीं, इ. स. ११५० मध्यें, भास्कराचार्यांनीं लीलावतींत दोन गुणोत्तरें दिलीं. पहिलें ३९२७ भागिलें १२५०. तें त्यांनीं ‘सूक्ष्म’ म्हटलें. दुसरें बावीस सप्तमांश. तें ‘स्थूल’ आणि ‘व्यवहारयोग्य’. हे भास्कराचार्य आम्हांस परके नव्हत. खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यांच्या नातवानें, चंगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख आजहि आहे. लीलावतींतील त्यांचें उदाहरण आमच्या मुलांस अगदीं ओळखीचें वाटेल: ज्या वर्तुळाचा व्यास सात, त्याचा परिघ किती? परंतु भास्कराचार्य उत्तरें दोन देतात. सूक्ष्म उत्तर एकवीस पूर्णांक १२३९ भागिलें १२५०. स्थूल उत्तर बावीस. विद्यार्थ्यापुढें दोन्ही ठेवून ते पुढें जातात. आम्हीं सात हा व्यास ठेविला, बावीस हें उत्तर ठेविलें, आणि ‘स्थूल’ हा शब्द गाळला.

याच संबंधांत आणखी एक नांव काढल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ग्रहलाघव लिहिणारे गणेश दैवज्ञ हे कोंकणांतील नांदगांवचे. लीलावतीवरील बुद्धिविलासिनी या टीकेंत त्यांनीं, सूक्ष्म गुणोत्तर कोठून आलें हें, बाजू दुप्पट करीत ३८४ बाजूंच्या आकृतीपर्यंत जाऊन समजावून दिलें आहे. सोळाव्या शतकांत कोंकणांतील एका खेड्यांत बसून हा पंडित जें ‘कां’ सांगत होता, तें ‘कां’ आज शहरांतील शाळांतहि क्वचित् ऐकूं येतें.

आतां येथें कोणी म्हणेल कीं, एवढ्याशा फरकासाठीं हा एवढा कोलाहल कशास? बावीस सप्तमांश आणि खरी संख्या यांत सुमारें अडीच हजारांत एकाचा फरक आहे. व्यवहारास तेवढें पुरें नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, पुष्कळ ठिकाणीं पुरें आहे, आणि भास्कराचार्यांनीं ‘व्यवहारयोग्य’ म्हटलें तें याचसाठीं. वीस फूट व्यासाची व तीस फूट खोल विहीर खणावयाची आहे असें समजा. पाय म्हणजे तीनच, असें धरणारा मुकादम माती ९,००० घनफूट, म्हणजे नव्वद ब्रास, भरली असें सांगेल. बावीस सप्तमांश धरिल्यास सुमारें ९,४२८ घनफूट येतात, व खरा हिशेब सुमारें ९,४२५ घनफुटांचा आहे. म्हणजे बावीस सप्तमांशानें कोणाचें चार घनफूट मातीचेंहि नुकसान होत नाहीं. पण तीन धरल्यानें खणणारांची सवाचार ब्रासांची मजुरी बुडते. कोणती चूक क्षम्य व कोणती नव्हे, हें ज्यास अशा रीतीनें सांगतां येतें त्यासच पाय समजला असें आम्ही म्हणूं. ज्या मुलास बावीस सप्तमांश हें स्थूल आहे हेंच ठाऊक नाहीं, तो हा हिशेब मांडावयास बसणारच नाहीं.

पृथ्वीच्या बाबतींत पाहूं. तिचा व्यास सुमारें १२,७४२ किलोमीटर धरला, तर बावीस सप्तमांशानें काढलेला परिघ खऱ्याहून सोळा किलोमीटर अधिक येतो. भास्कराचार्यांच्या सूक्ष्म गुणोत्तरानें काढला तर शंभर मीटरांचाहि फरक पडत नाहीं. आणि ३.१४ घेतलें तर? वीस किलोमीटर कमी येतो. होय, दशांश चिन्हामुळें जें अधिक शास्त्रीय दिसतें, तें ३.१४ बिचाऱ्या बावीस सप्तमांशाहून अधिक चुकीचें आहे. हें ऐकून आमच्या वर्गांत जी खळबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. पुस्तकांत ‘पाय बरोबर बावीस सप्तमांश किंवा ३.१४’ असें छापलेलें असतें. दहा त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ एका रीतीनें ३१४ व दुसरीनें ३१४ पूर्णांक दोन सप्तमांश येतें, आणि मूल विचारतें, ‘यांत खरें कोणतें?’ त्यास आजवर मिळालेलें उत्तर असें कीं, ‘उदाहरणांत जें दिलें असेल तें.’ खरें उत्तर ‘दोन्ही नव्हेत’ असें आहे, आणि तें उच्चारण्यास कांहीं मोठें धैर्य लागतें असें आम्हांस वाटत नाहीं.

बरोबरीच्या या चिन्हामुळें आमच्या भूमितीच्या जगांत एक चमत्कार झालेला आहे. त्या जगांतील झाडून सारीं वर्तुळें सात, चौदा, एकवीस किंवा साडेतीन त्रिज्येचीं असतात. बागा तशा, हौद तसे, गाडीचीं चाकेंहि तशींच. क्षेत्रफळ १५४, ६१६ किंवा १३८६ आलें कीं मुलांस आपलें उत्तर बरोबर असल्याचा भरंवसा वाटतो. दुसरा कोणताहि आंकडा दिसला कीं तीं पाटी पुसूं लागतात. ज्या मुलानें सोळा सेंटिमीटर व्यासाचें खरें ताट मोजून आणलें, त्यास तें ताटच चुकलेलें वाटावें, यांत आश्चर्य कसलें?

पवित्र शास्त्रांतील एका स्थळाचाहि येथें उल्लेख करावयास हवा, कारण तो प्रश्न दरवर्षीं कोणी ना कोणी आम्हांस विचारतोच. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत शलमोनाच्या मंदिरांतील ओतीव कुंडाचें माप आहे: कांठापासून कांठापर्यंत दहा हात आणि भोंवतीं तीस हात. म्हणजे पाय तीन झाला कीं नाहीं? आम्ही म्हणतों, हें माप कोणत्या बारकाईनें दिलें आहे तें आधीं पाहावें. तेथें हीं दोन्ही मापें पूर्ण हातांत आहेत. तीस हात परिघाच्या वर्तुळाचा व्यास साडेनऊ हातांहून किंचित् अधिक येतो. तो पूर्ण हातांत सांगावयाचा तर दहाच सांगावा लागेल. तेथें भूमितीचा सिद्धांत सांगितलेला नाहीं, एका भांड्याचें माप सांगितलें आहे. ‘सुमारें’ हा शब्द न लिहिलेल्या ठिकाणींहि वाचतां येणें हेंहि शिक्षणच आहे. मात्र तो शब्द एकदां तरी कानांवर पडलेला असला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलें लहान असतात. ‘आसन्न’, ‘सूक्ष्म’ असल्या भेदांचा भार त्यांजवर कशास घालावा? हा आक्षेप घेणारांनीं मुलांस बाजारांत पाठवून पाहावें. अर्धा किलो भेंडी म्हणजे तराजूचा कांटा थोडा इकडे किंवा तिकडे, हें दहा वर्षांच्या पोरास समजतें. आणि कांटा किती झुकला म्हणजे भाजीवाल्याशीं बोलावें, हेंहि समजतें. ‘सुमारें’ या शब्दाचा अर्थ मूल घरून शिकूनच येतें. तो शाळेच्या दाराशीं ठेवून आंत यावें, अशी व्यवस्था आम्हीं केली आहे.

पाय हा कधींच पुरता हातीं येणार नाहीं, ही कल्पनाहि मुलांस भिववीत नाहीं. उलट त्यांस तिचें वेड लागतें. आर्यभटानें ‘आसन्न’ कां म्हटलें याचें स्पष्टीकरण केरळांतील नीलकंठ सोमयाजी यांनीं आर्यभटीयावरील आपल्या भाष्यांत केलें आहे: ज्या मापानें व्यास निःशेष मोजला जातो, त्या मापानें परिघ मोजूं जातां कांहीं तरी शेष उरतेंच, माप कितीहि बारीक घेतलें तरी शेष लहान होईल, नाहींसा होणार नाहीं. ही गोष्ट सिद्ध करण्याचा मान पुढें १७६१ सालीं लँबर्ट यास मिळाला. १८८२ सालीं लिंडेमान यानें त्याहूनहि खोल सिद्धांत प्रस्थापित केला, व कंपास आणि पट्टी एवढ्याच साधनांनीं वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणें अशक्य आहे, हें दोन हजार वर्षांचें कोडें त्यानें संपविलें. तरीहि १८९७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना राज्याच्या कायदेमंडळांत असा चौरस काढल्याचा दावा करणारें विधेयक आलें, आणि खालच्या सभागृहानें तें मंजूरहि केलें! वरच्या सभागृहानें तें बाजूस ठेविलें म्हणून बरें. बहुमतानें पाय ठरविण्याचा हा प्रसंग आमच्या मुलांस फार आवडतो.

छापलेल्या आंकड्यावर विश्वास ठेवण्याचा परिणाम मोठमोठ्यांसहि चुकलेला नाहीं. विल्यम शँक्स या इंग्रज गृहस्थानें वर्षानुवर्षें हातानें आकडेमोड करून १८७३ सालीं पाय ७०७ दशांश स्थळांपर्यंत प्रसिद्ध केला. त्यांतील ५२८ वें स्थळ चुकलें होतें, व त्यापुढील सर्वच आंकडे वांयां गेले होते. हें १९४० नंतरच्या दशकांत फर्ग्युसन या गणितज्ञानें उघडकीस आणिलें. तोंपर्यंत सुमारें सत्तर वर्षें जग तेच आंकडे उतरून घेत होतें. शँक्सच्या परिश्रमास आम्ही हंसत नाहीं. आमच्या वहीवाल्या मुलाप्रमाणें त्या सत्तर वर्षांत कोणीं दोरा बाजूस ठेविला, एवढेंच विचारतों. आतां हें काम यंत्रें करितात. २०२२ सालीं शंभर लक्ष कोटि स्थळांपर्यंत पाय काढला गेला, आणि तीहि मर्यादा पुढें मागें पडली. याउलट, ग्रहांवर याने धाडणारे अमेरिकेंतील शास्त्रज्ञ आपल्या अत्यंत काटेकोर हिशेबांत पंधरा दशांश स्थळांवर समाधान मानतात. किती स्थळें पुरेत हें त्यांस ठाऊक असतें, आणि कां पुरेत हेंहि.

आतांपर्यंत आम्ही परिघाविषयींच बोललों. परंतु भूमितींत पायाचा खरा चमत्कार असा कीं, परिघासाठीं काढलेली ही पट क्षेत्रफळांतहि येऊन बसते, आणि ती कां येते हें सूत्र पाठ करणाऱ्या शंभरांपैकीं पांच मुलांसहि सांगतां येत नाहीं. उपाय सोपा आहे. कागदाचें एक वर्तुळ कापा. त्याचे दोन अर्ध करा. प्रत्येक अर्धाचे मध्यापासून कांठाकडे जाणारे आठ आठ सारखे तुकडे पाडा, मात्र कांठाशीं ते जोडलेले राहूं द्या. मग दोन्ही अर्ध सरळ पसरून, करवतीचे दांते एकमेकांत बसावे तसे एकांत एक बसवा. जवळ जवळ आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परिघ, उंची त्रिज्या. तुकडे जितके अधिक, तितके कांठ अधिक सरळ. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परिघ गुणिलें त्रिज्या. पाय गुणिलें त्रिज्येचा वर्ग हें सूत्र यांतून आपोआप पडतें. ही युक्ति आम्हीं परदेशी पुस्तकांतून उचललेली नाहीं. गणेश दैवज्ञांनीं बुद्धिविलासिनींत हीच दिली आहे. भास्कराचार्यांनीं याच क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचें पृष्ठफळ, आणि त्या पृष्ठफळास व्यासानें गुणून सहानें भागिलें म्हणजे घनफळ, असें सांगितलें आहे, दोन्ही बिनचूक. आर्यभटाचा गोलाच्या घनफळाचा नियम मात्र चुकलेला होता. पूर्वजांविषयीं आदर बाळगणाऱ्यांनीं हेंहि मुलांस सांगावें. भास्कराचार्यांनीं तो नियम डोळे मिटून पुढें चालविला नाहीं, यांतच त्या परंपरेचा मोठेपणा आहे.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. पुस्तकांत बावीस सप्तमांश राहूं द्या, परंतु त्याच्या आधीं ‘सुमारें’ हा एक शब्द छापा. दहांतील चार उदाहरणें तरी पांच, आठ किंवा अकरा त्रिज्येचीं द्या, म्हणजे १५४ हा आंकडा देवासारखा पुजला जाणार नाहीं. वर्षांतून एक तास दोरा आणि पट्टी मुलांच्या हातीं द्या, आणि ज्याच्या वहींत ३.०७ असेल त्यास ३.१४ वाल्याहून कमी गुण देऊं नका, त्याचे ३.०७ कशामुळें आलें, दोरा सैल होता कीं ताट लंबगोल होतें, हें त्यास विचारा. त्या चर्चेत एक तास गेला तर अभ्यासक्रम मागें पडेल, हें आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. पडूं द्यावा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हीं वर्गास शाळेच्या मागील आवारांतील जुन्या विहिरीवर नेलें. कठड्याच्या बाहेरच्या कडेनें परिघ मोजण्याचें काम चौघांकडे दिलें व व्यास मोजण्याचें काम तो वहीचा मुलगा व त्याचा एक सोबती यांजकडे. बांबू आडवा धरून त्यांनीं तीन दिशांनीं व्यास मोजला: १४ फूट २ इंच, १४ फूट ७ इंच आणि १३ फूट ११ इंच. मुलगा गोंधळून आमच्याकडे आला. ‘सर, यांतला कोणता लिहूं?’ आम्हीं सांगितलें, तिन्ही लिही. परिघ ४४ फूट १० इंच भरला. तिन्ही व्यासांची सरासरी घेऊन भागिलें, तेव्हां गुणोत्तर ३.१५ आलें. त्यानें तें तसेंच लिहिलें, खोडलें नाहीं. खालीं एक ओळ आपल्या मनानें जोडली आहे: विहीर अगदीं वाटोळी नाहीं, आणि मोजतांना दोर ओला होता.